काढून टाकलेला अकरावा मुद्दा

आमच्या हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं, तेव्हा त्या कामासाठी नेमलेल्या समितीत मी होते. नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं हॉस्पिटल फार मोठं नाही. बाळंतपणं, लहान मुलं, दोन जनरल वॉर्ड आणि एक छोटा आयसीयू. मी तिथली मेट्रन. एकवीस वर्षं कागदावर काम केलेलं. केसपेपर, औषधांचा तक्ता, फाइलवर लाल शाईने ठळक लिहिलेली ॲलर्जी, डिस्चार्ज कार्ड. कुठला कागद कुठून कुठे जातो आणि वाटेत कुठे हरवतो, हे मला पाठ होतं. म्हणून समितीने माझ्याकडे एकच काम दिलं: कागदावर जे आहे ते सगळं स्क्रीनवर आलं का, ते तपासायचं.

असलं काम मला आवडतं. मी वही आणली, रकाने आखले आणि महिनाभर एकेक गोष्ट तपासत गेले.

कंपनीचा माणूस कराराची कागदपत्रं घेऊन आला. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, त्यांनी करारावर सह्या केल्या. मुख्य वापरकर्ती म्हणून माझीही एका वेगळ्या पत्रावर सही हवी होती. मी ते पत्र पूर्ण वाचलं. एका कलमात लिहिलं होतं की सॉफ्टवेअरच्या स्क्रीनचे फोटो, त्यातल्या अडचणी, दोष किंवा त्याविषयीचं मत कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर कोणालाही सांगायचं किंवा दाखवायचं नाही.

मी पेन खाली ठेवलं. "दोषसुद्धा?"

"मॅडम, हे सगळ्याच करारांत असतं," तो हसून म्हणाला. "तुम्ही पेशंटची माहिती बाहेर बोलता का? नाही ना? तसंच हे."

मला ते पटलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला शिकवलेलं असतं की वॉर्डातलं वॉर्डात ठेवायचं. कोणाला काय आजार आहे ते घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. गप्प राहता येणं हा आमच्या कामात चांगला गुण समजतात आणि तो माझ्यात होता. इथे गप्प राहून कोणाचं रक्षण होणार आहे, हे मात्र मी विचारलं नाही. सही केली, खाली तारीख घातली.

सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. डॉक्टरांचं अक्षर लावत बसणं संपलं. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात बसल्या जागी दिसू लागले. औषधाची वेळ चुकली की स्क्रीनवर पिवळी पट्टी यायची. पहिले दोन महिने मी सगळ्यांना त्याचं कौतुक सांगत होते.

मग एके दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात एक प्रसंग घडला.

एकाच बाईच्या दोन फायली असणं आपल्याकडे नवीन नाही. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात येते, तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव आणि नवऱ्याचा मोबाइल नंबर लिहिला जातो. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली की बरोबर वडील किंवा भाऊ असतो. खिडकीवर तोच बोलतो, सवयीने माहेरचं नाव सांगतो आणि आपला नंबर देतो. कागदाच्या काळात हे लक्षात आलं की आम्ही दोन्ही फायली सुतळीने एकत्र बांधायचो. सॉफ्टवेअरमध्ये दोन नोंदी एक करायची सोय होती. रिसेप्शनवरच्या मुली त्याला मर्ज म्हणत. दोन बटणं दाबली की काम झालं.

त्या दिवशी अशीच मर्ज केलेली एक बाई ऑपरेशनसाठी तयार होत होती. आमची सिस्टर अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरत होती. तेवढ्यात त्या बाईची सासू डबा घेऊन आली आणि इंजेक्शन पाहून म्हणाली, "अहो, कसलं आहे हे? मागे आमच्याकडे असताना हिला असल्याच एका सुईने अंगभर चट्टे उठले होते. जीव घाबरा झाला होता पोरीचा."

तिची आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला काय सांगायचं? बरी झाली ना लगेच," सासू म्हणाली.

सिस्टरने इंजेक्शन बाजूला ठेवून मला बोलावलं. मी स्क्रीन पाहिली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: ॲलर्जी नाही. मी शोधत गेले. मर्ज केल्यावर जुनी नोंद एका बंद कप्प्यात जाते, तो कप्पा मला सापडला. तो उघडला तर सासरच्या नावाच्या नोंदीत त्या औषधाची ॲलर्जी व्यवस्थित लिहिलेली होती. मर्ज करताना रिपोर्ट, बिलं, जुन्या तपासण्या सगळं नव्या नोंदीत आलं होतं. ॲलर्जीचा रकाना तेवढा नव्या नोंदीचाच राहिला होता. तो कोरा होता. आणि कोऱ्या रकान्याच्या जागी सॉफ्टवेअर आपणहून 'ॲलर्जी नाही' असं लिहीत होतं. कोणी विचारलेलंच नाही, आणि विचारलं पण 'ॲलर्जी नाही' असं उत्तर मिळालं, या दोन गोष्टींत किती फरक आहे ते कुठलीही नर्स सांगेल.

मी फोटो काढून त्याच दिवशी कंपनीला पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, नोंद घेतलीय. पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त होईल. तोवर मर्ज केल्यावर ॲलर्जी हाताने भरा. आणि ते फोटो प्लीज आणखी कुठे जाऊ देऊ नका, तुम्हाला कराराचं माहीतच आहे."

सरांनीही तेच सांगितलं. "आपल्याकडे काय करायचं ते करा. बाहेर विषय नको."

आपल्याकडे काय करायचं ते मी दोन दिवसांत केलं. लाल स्टिकर परत आणले. मर्ज झालं की दोघींनी मिळून जुनी नोंद उघडून ॲलर्जी पाहायची आणि सही करायची, असा नियम लावला. वॉर्डांसाठी 'सॉफ्टवेअर वापरताना घ्यायची काळजी' अशी चोवीस मुद्द्यांची यादी केली. त्यातला अकरावा मुद्दा हा होता. मग वहीत या विषयापुढे बरोबरची खूण केली. माझ्यापुरतं काम संपलं होतं. हेच सॉफ्टवेअर आणखी किती दवाखान्यांत असेल आणि तिथल्या पोरी पहिल्या बाळंतपणाला कुठे जात असतील, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि तो कंपनीचा प्रश्न आहे असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

तीन-चार महिन्यांनी कळवणहून माझ्या मैत्रिणीचा फोन आला. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. ती आता कळवणच्या एका हॉस्पिटलात मेट्रन आहे.

"यादीबाई, आहेस का मोकळी?"

"बोल."

"आमच्या डॉक्टरांनी तुमच्याकडचंच सॉफ्टवेअर घेतलंय. कंपनीच्या माणसाने तुमच्या हॉस्पिटलचा दाखला दिला म्हणे. कसं आहे ते?"

"चांगलं आहे."

"बस? एवढंच?" ती हसायला लागली. "होस्टेलच्या बादल्या कुठल्या क्रमाने ठेवायच्या यावर तू अर्धा तास भाषण द्यायचीस. आणि एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरला एक शब्द?"

"खरंच चांगलं आहे. ट्रेनिंग नीट घ्या."

"माझी नामपूरची एक सिस्टर आहे, ती लय हुशार. तिने दोन दिवसांत सगळं शिकून घेतलं. आता मलाच शिकवते. मॅडम, असं नाय, तसं. पण तुझ्याकडे एखादी यादी असेलच की. पाठव ना. तू केलेली म्हणजे मला डोकं चालवायला नको."

मी पाठवते म्हणाले. म्हणाले, "आणि मर्ज करताना जरा बघून कर."

"काय बघू?"

"असंच. नीट बघ म्हणजे झालं."

"बरं बाई, डोळे फाडून बघते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी यादी उघडली. अकराव्या मुद्द्यात दोष सरळ लिहिलेला होता: मर्ज केल्यावर ॲलर्जीचा रकाना जुन्या नोंदीवरून येत नाही आणि 'ॲलर्जी नाही' असं चुकीचं दिसतं. ही ओळ बाहेर गेली तर ती माझ्या हातून गेलेली असणार होती. मी सरांना विचारायला गेले नाही. ते काय म्हणतील ते ठाऊक होतं. शब्द बदलून लिहिता येईल का ते पाहिलं. 'मर्जनंतर ॲलर्जी तपासावी' एवढंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मैत्रिणीने लगेच फोन करून का म्हणून विचारलं असतं, आणि तिला खोटं सांगणं मला जमलं नसतं. म्हणून मी तो मुद्दाच काढला. बाराव्याचा अकरावा केला, तेराव्याचा बारावा. शेवटी तेवीस मुद्दे झाले. क्रमांक बरोबर आहेत ना, हे वरून खाली एकदा पाहिलं आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. हात जोडलेले आणि त्याखाली: प्रिंट काढून भिंतीला लावते.

पुढे काय झालं ते मला त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी कळलं. सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला, आवाज ओळखू येत नव्हता. "एक पेशंट तुझ्याकडे पाठवतेय. सिझेरियनच्या आधी इंजेक्शन दिलं आणि कोसळली. बाळ काढलंय, बाळ चांगलं आहे. तिला सांभाळ गं."

अँब्युलन्स दुपारी आली. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती. तोंड सुजलेलं, गळ्यात नळी. तिला आत घेतल्यावर मी कळवणहून आलेला कागद वाचला. 'ॲलर्जीचा पूर्वेतिहास: नाही.' नावापुढे वडिलांचं नाव होतं आणि नंबरही वडिलांचा. पहिलं बाळंतपण. मला कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

तरी मी मैत्रिणीला फोन केला. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "मागे ही सासूबरोबर आमच्याकडे येऊन गेली होती. तेव्हा तिला इंजेक्शनचा त्रास झाला होता, हे आता सासू सांगतेय. आई म्हणते आम्हाला ठाऊकच नाही. नोंद करायला माझी नामपूरची सिस्टर होती. ती म्हणते मी लिहिलं होतं. कुठे लिहिलं होतं? स्क्रीनवर स्वच्छ ॲलर्जी नाही असं आहे. घाई होती, त्यात स्क्रीन स्वच्छ, म्हणून टेस्टही केली नाही कोणी. तू सांगितलं होतंस म्हणून मर्ज केल्यावर मी स्वतः नाव, वय, रक्तगट सगळं ताडून पाहिलं होतं. सगळं बरोबर होतं. तिने लिहिलंच नव्हतं तर दिसणार कुठून?"

मी म्हणाले, "कदाचित लिहिलं असेल."

"असेल तर दिसलं असतं."

बंद कप्पा उघडून बघ, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. मी सरांकडे गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. "वकिलांना विचारतो," ते म्हणाले. "तोवर काही बोलू नका. लेखी परवानगी मागू कंपनीकडे. रीतसर करू."

रीतसर या शब्दावर माझा फार विश्वास आहे. मी परवानगीच्या पत्राचा मसुदा केला, वकिलांची वेळ घेतली, तारखा लिहून ठेवल्या, आठवण करणारे दोन मेल पाठवले. यात अठरा दिवस गेले. या दिवसांत त्या मुलीची आई आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून असायची. मी येता-जाता तिच्याजवळ थांबायचे. तिला पाठ टेकायला खुर्ची आणून दिली, कँटीनमधून चहा पाठवायचे. ती मला बाई म्हणायची.

"बाई, तुमच्यासारखं मानूस पाह्यजे," एकदा ती म्हणाली. "नायतर ती सिस्टर. दोन अक्षरं लिहायला तिचे हात झडले व्हते का? तिच्या लेकराबाळांचं चांगलं नाय व्हायचं. गावात समद्यांना सांगितलं मी."

मी तिच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेले.

चौदाव्या दिवशी मैत्रिणीचा मेसेज आला: नामपूरच्या सिस्टरकडून राजीनामा लिहून घेतला. मला काढायचं नव्हतं, पण पेशंटच्या गावातले लोक गेटवर आले होते.

मुलगी वाचली. नळी निघाली, ती उठून बसू लागली. पण मेंदूला मधे काही मिनिटं प्राणवायू कमी पडला होता. बोलताना शब्द शोधायला तिला वेळ लागायचा आणि सकाळी सांगितलेलं दुपारी आठवायचं नाही. बाळ कळवणहून आणून तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "कोणाचं आहे?"

मी तेव्हा खोलीत होते. अठरावा दिवस होता. वकिलांचं उत्तर आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कळवणची बस धरली.

मैत्रिणीच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता आणि मागच्या भिंतीवर माझी यादी, प्लास्टिकमध्ये घालून. मी काही न बोलता तिच्या खुर्चीवर बसले, त्या मुलीची नोंद काढली आणि बंद कप्पा उघडला. सासरच्या नावाची नोंद समोर आली. औषधाचं नाव होतं. खाली टाइप केलेलं होतं: 'इंजेक्शननंतर अंगावर चट्टे, घसा आवळल्यासारखा वाटला. सासूबाईंनी सांगितले.' त्यापुढे नामपूरच्या सिस्टरचं लॉगिन, तारीख आणि वेळ.

मैत्रिणीने ते दोनदा वाचलं. "तुला कुठून माहीत, हे इथे असतं?"

मी पिशवीतून मूळ यादी काढून दिली. चोवीस मुद्द्यांची. तिने ती वाचली, मग उठून भिंतीवरची यादी काढली, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत खाली आली. अकराव्यावर थांबली.

"क्रमांक परत घातलेस तू," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे विसरली नाहीस."

"नाही. सही केली होती. बाहेर सांगायचं नाही म्हणून."

"बाहेर?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी बाहेरची?"

होस्टेलमध्ये ती माझ्यावर खूपदा ओरडलेली आहे. त्या दिवशी ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि म्हणाली, "चल. नामपूरला जाऊ. तिला तू सांग, मी नाही सांगणार."

सटाण्याला बस बदलून आम्ही नामपूरला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. त्या रांगेच्या कडेने चालत आम्ही सिस्टरचं घर शोधलं. दारात तिची सासू होती.

"कोन शे?" तिने विचारलं. मैत्रिणीला ओळखल्यावर तिचा चेहरा बदलला. तरी म्हणाली, "बठा. पानी लई येस," आणि पाणी आणायला आत गेली.

सिस्टर एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला गेली होती. निरोप गेल्यावर ती आली. हाताला आणि केसांना कांद्याची सालं चिकटलेली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मी तिला सगळं सांगितलं. मी संपवल्यावर तिने फक्त विचारलं, "माझं लिहिलेलं दिसतंय?"

"दिसतंय. तारीख आणि वेळेसकट."

तिने ओढणीने चेहरा पुसला. मग मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी म्हणत होते ना. मी पाय धरून सांगत होते."

मैत्रीण म्हणाली, "हो गं. माझं चुकलं. परत ये. मी डॉक्टरांशी बोलते, राजीनामा फाडायला लावते."

"येते मी. पण आधी एक करा." ती आता माझ्याशी बोलत होती. "त्या पोरीचं माहेर आणि माझ्या आईचं गाव एकच आहे. तिच्या आईने गावभर माझं नाव केलंय. मागच्या आठवड्यात माझ्या भावाचा साखरपुडा होता. आईने निरोप धाडला, तू येऊ नको. लोक बघतात, बोलतात. मला इथे नका सांगू, ताई. इथे सगळ्यांना माहीतच आहे मी लिहिलं होतं. तिथे जाऊन सांगा."

मी जाईन म्हणाले.

जायच्या आधी सरांना कळवलं. ते म्हणाले, "तुम्ही हे फार घाईने केलंत." नंतर कंपनीचं पत्र आलं. त्यात माझ्या सहीची प्रत जोडलेली होती. सरांनी मला समितीतून काढलं, नोकरी ठेवली. तो दोष पुढच्या व्हर्जनमध्ये खरंच दुरुस्त झाला. व्हर्जनबरोबर आलेल्या माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर होता, किरकोळ सुधारणांमध्ये, एका ओळीत. कशामुळे सुधारला ते लिहिलेलं नव्हतं. आणखी कुठे काय घडलं असेल, हे मला कळायचा मार्ग नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनीही सह्या केलेल्या असणार.

त्या मुलीचं माहेर कळवणपासून थोडं आत आहे. मुलीला डिस्चार्ज मिळून ती घरी गेल्यावर, पहिल्याच रविवारी मी एकटीच गेले. तिची आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मी अंगणाच्या कडेलाच थांबले.

"बाई, तुम्ही? एवढ्या लांब? या, या. अगं, बघ कोन आलंय. नाशिकच्या बाई."

मुलगी आत भिंतीला टेकून बसली होती. शेजारी पाळणा. तिने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. ओळखलं नसावं.

चहा यायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. कारण चहा घेतल्यावर ते मला जमलं नसतं. सिस्टरने लिहिलं होतं. मशीनने ते झाकून ठेवलं. मशीन असं करतं हे मला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. कळवणच्या लोकांना मी ते सांगितलं नाही.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिने एकेक विचारलं.

"तिनं लिहिलं व्हतं?"

"हो."

"आन तुम्हाला ठावं व्हतं?"

"हो."

"मी तिथं बाकावर बसून तिला शिव्या देत व्हते, तवा पन?"

"तेव्हाही."

"मग का नाय बोलल्या?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बसमध्ये दोन तास मी ते जुळवलं होतं. "मी एका कागदावर सही केली होती," मी म्हणाले. "कोणाला सांगणार नाही म्हणून."

"सही तर आमची बी घेतली व्हती," ती म्हणाली. "ऑप्रेशनच्या आधी. चार कागद व्हते. काय लिहिलंय ते कोनी वाचून नाय दाखवलं. पोरीचा जीव अडला व्हता, म्हनून केली." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही वाचून केली व्हती?"

"हो," मी म्हणाले. "वाचून केली होती."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती उठली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "त्या सिस्टरला फोन लावा."

मी लावला. तिने माझा फोन घेतला आणि बोलत बोलत अंगणात गेली. मिरच्यांच्या पलीकडे पाठमोरी उभी राहून ती बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मधे एकदा तिने दोन्ही हात जोडले, जणू समोर कोणी उभं आहे. फोन कानावरून निसटून मिरच्यांत पडला. तिने तो उचलून पुसला आणि पुन्हा बोलायला लागली.

आत पाळण्यातलं बाळ जागं होऊन रडू लागलं. मुलगी पाळण्याकडे पाहत होती. आवाज कुठून येतोय आणि आपण काय करायचं, हे तिच्या मनात हळूहळू जुळत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तिथे थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. जायलाही सांगितलं नव्हतं. मी पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, हातातल्या दोरीकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने ओढली.